चाकाचे दात

गोठून टणक झालेल्या तळ्यावर मोटारसायकल घालायची असेल तर साध्या टायरचा उपयोग होत नाही. थंड देशांतले हौशी चालक त्यासाठी घरच्या घरी खिळ्यांचा टायर तयार करतात. मातीत चालणारा, उंच गुट्ट्यांचा बटण टायर घेऊन प्रत्येक गुट्टीत बाहेरून आखूड, षट्कोनी डोक्याचा स्क्रू पिळतात. त्या डोक्याच्या कडा बर्फात रुततात. याहून जबर पद्धत बोल्ट आतून बाहेर काढण्याची आहे. टायरला आरपार भोके पाडायची, आतून बोल्ट घालायचे, बाहेरून नट आवळायचे आणि टोके बाहेर ठेवायची. बोल्टच्या डोक्यांनी ट्यूब फाटू नये म्हणून दुसऱ्या जुन्या टायरच्या कडा कापून तो अस्तरासारखा आत बसवतात. सगळा हिशेब लांबीचा असतो. स्क्रू लांब झाला तर ट्यूबमध्ये घुसतो, आखूड झाला तर वेगात निसटून मागच्याच्या अंगावर उडतो. बर्फावरच्या व्यावसायिक शर्यतींत तर इंचभर लांबीचे खिळे चाकाला लावलेले असतात.

रबर जमीन धरते ते घर्षणाने. बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावर हे घर्षण जवळजवळ संपते. खिळा गाडीचे आणि माणसाचे वजन मोजक्या टोकांवर आणतो. तेवढ्या जागी दाब इतका वाढतो की बर्फ फुटतो, आणि फुटलेल्या खाचेच्या भिंतीला रेटून चाक पुढे सरकते. पकड मिळते ती पृष्ठभागाला जखम करून. या साध्या यांत्रिक गोष्टीत धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे: चालण्यासाठी, पिकवण्यासाठी, जगण्यासाठी पायाखालच्या भूमीला भोसकण्याचा अधिकार माणसाला आहे का, आणि असला तर कुठवर?

हा प्रश्न इथे ज्या मुलखाच्या संदर्भात पाहायचा आहे, त्या चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत बर्फ पडत नाही. इथल्या हिवाळ्यात रानवाटा उलट वर्षातल्या सर्वांत चांगल्या असतात. बर्फाची जागा इथे पावसाळ्यातल्या चिखलाने घेतली आहे. पश्चिमेला वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे काळी कन्हार माती, जी भिजली की चाकाला चिकटून मडगार्डपर्यंत भरते. पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात धानाच्या बांध्या, जिथे रोवणीसाठी माती मुद्दाम घोटून तिचा गाळ करतात. या चिखलणीला ट्रॅक्टर नेताना रबरी चाकाऐवजी किंवा त्याच्या जोडीला लोखंडी पट्ट्यांचे केजव्हील लावतात. त्याचे पाते गाळ कापत खालच्या कडक थरापर्यंत जाते आणि तिथे टेकून ट्रॅक्टर पुढे सरकतो. बर्फावरच्या खिळ्याचे आणि बांधीतल्या केजव्हीलचे तत्त्व एकच आहे. पांदण रस्त्यावर अडकलेल्या दुचाकीच्या मागच्या चाकाला साखळी किंवा जाड दोर गुंडाळला तर तोही तेच करतो. त्याआधीही हे ज्ञान या भागात होतेच. बंडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवीत आणि पाणी ओतून ती आवळीत. बैलाच्या खुराला नालबंद पत्री ठोकी. लोखंडाने जमीन धरायची, हे या मुलखाला नवीन नाही. नवीन आहे ती गती, आणि ज्या दिवसांत वाट बंद मानली जाई त्या दिवसांतही जाण्याची शक्यता.

लोखंडी टोकाच्या लाकडाने भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या जीवांना इजा होते, हा आक्षेप संस्कृत परंपरेत नांगराविरुद्ध स्पष्ट नोंदलेला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात याच कारणासाठी सज्जन शेतीची निंदा करतात असे सांगितले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा वाणी जाजली या तपस्व्याला हीच गोष्ट ऐकवतो आणि जुंपलेल्या बैलांकडेही बोट दाखवतो. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातल्या भूमिसूक्तात सूर वेगळा आहे. तिथे खणणारा माणूस खणणे सोडत नाही. खणलेले लवकर भरून यावे आणि घाव भूमीच्या मर्माला लागू नये, एवढे तो मागतो. सकाळी अंथरुणातून उतरताना पाय लागल्याबद्दल पृथ्वीची क्षमा मागण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत अजून आहे, तिच्यामागेही हीच भावना आहे. पहिली भूमिका इजेला दोष मानते, दुसरी इजेला मर्यादा घालते. पुढची बहुतेक चर्चा या दोन भूमिकांमध्येच फिरते.

जैन विचाराने हा प्रश्न सर्वांत बारकाईने सोडवला आहे, आणि त्याचे एक जुने केंद्र चंद्रपूर जिल्ह्यातच, भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिरात आहे. जैन मते पृथ्वी ही जीवांचे निवासस्थान तर आहेच, शिवाय ती स्वतःही सजीव आहे. पृथ्वीकाय जीव हा जीवांचा एक प्रकारच आहे. म्हणून साधू अनवाणी चालतो, पुढची साडेतीन हात जमीन पाहत चालतो, वाहनात बसत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावी थांबतो. गृहस्थाला हे शक्य नाही, हेही जैन आचार्यांनी ओळखले. तरी श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांच्या यादीत, म्हणजे कर्मादानांत, गाड्या आणि त्यांचे भाग बनवून विकणे आणि जमीन फोडणे हे दोन्ही आहेत. चाक बनवणारा आणि भूमी फोडणारा यांना एकाच यादीत बसवणारी ही दृष्टी खिळ्यांच्या टायरला नेमकी लागू पडते.

पण जैन विचाराचे खरे मोल निषेधापेक्षा भेद करण्यात आहे. स्वयंपाक, घर, शेती, व्यवसाय यांत होणारी हिंसा गृहस्थाकडून होणारच. ती कमी करत जायची. निरर्थक हिंसा मात्र व्रत घेऊन सोडायची, त्याला अनर्थदंडविरती म्हणतात. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण जमीन, पाणी, अग्नी, वारा यांच्याशी चालवलेले उद्योग आणि निष्कारण वनस्पती तोडणे यांची गणना प्रमादचर्येत, म्हणजे बेफिकीर वागण्यात, केली आहे, आणि त्याच्याच शेजारी निष्कारण हिंडणे आणि दुसऱ्याला हिंडवणे हेही मांडले आहे. दीड हजार वर्षांच्या आसपासच्या या ग्रंथाने जमिनीची इजा आणि निरर्थक भटकंती एका दमात सांगावी, हे विलक्षण आहे. बांधीत फिरणारे केजव्हील आणि मौजेसाठी रानात घुसवलेली दातेरी चाकाची दुचाकी या दोन्ही जमिनीला सारखाच घाव घालत असतील, तरी या विचारात त्या एका मापाने मोजल्या जात नाहीत. धान पिकवणाऱ्याच्या घावाला हेतू आहे. मौजेच्या घावाला तो दाखवता यावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो दाखवता येत नाही.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, भिक्षूला जमीन खणण्याची किंवा खणवण्याची मनाई आहे. वर्षावासाच्या नियमाची कथाही बोलकी आहे. पावसातही भिक्षू हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि बुद्धाने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत; या मुलखातल्या भिक्षूंचे पावसाळे अशा निवाऱ्यात जात असणार. पावसाळ्यात भूमी मऊ असते, जीव वर आलेले असतात, पेरलेले उगवत असते, म्हणून हा काळ भूमीचा मानायचा आणि माणसाने आपली गती आवरायची, असा या नियमाचा अर्थ घेता येतो. चातुर्मासाची कल्पना वैदिक, जैन, बौद्ध या सर्वांत आहे, आणि तिच्यामागे वाटांच्या अवस्थेचा व्यवहारही आहे.

दातेरी चाक या नियमाला थेट छेद देते. ऋतूने बंद केलेली वाट ते उघडते. भामरागड तालुक्यात हा प्रश्न ग्रंथापुरता राहत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, आतल्या गावांच्या वाटा चिखलात जातात, आणि आजाऱ्याला खाटेवर घालून आणावे लागते. 1973 मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा पावसाळ्याचे महिने हा भाग जगापासून तुटलेलाच असे. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, तापाने फणफणलेले मूल यांच्यासाठी ऋतूचा मान राखून थांबा, असे कोणता धर्म सांगेल? विनयाने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. वर्षावासातल्या भिक्षूलाही आजारी सहकाऱ्यासाठी, आजारी आईवडिलांसाठी आणि अशाच ठरावीक कारणांसाठी सात दिवसांची मोकळीक होती. नियमाच्या पोटात अपवाद होता, आणि अपवादाला मुदत होती. ही मुदत महत्त्वाची आहे. निकडीसाठी काढलेली वाट निकड संपल्यावर मिटू द्यायची असते. पण एकदा चाकाला दात बसले की ते रोजच्या बाजारालाही वापरले जातात, आणि अपवादाचा रस्ता कायमचा होतो.

माडिया आणि गोंड समाजांची दृष्टी ग्रंथांतून आलेली नाही, पण ती या चर्चेत मध्यभागी ठेवावी अशी आहे. भूम म्हणजे भूमी आणि भूम म्हणजे कुळाचा मुलूखही. माणसे भूमीची मालक नसून तिच्यावर राहणारी आहेत, हे त्यात गृहीत असते. पेरणीपूर्वी विज्जा पंडुम होतो, बियाणे देवापुढे ठेवले जाते, गावचा पुजारी विधी करतो आणि मगच शेतात काम सुरू होते. डोंगरउतारावरच्या पेंडा शेतीत जंगल तोडून, जाळून पीक घेत आणि मग ती जागा वर्षानुवर्षे पडीक ठेवून जंगलाला परत देत. मध्य प्रदेशातल्या बैगांनी भूमातेची छाती फाडावी लागते म्हणून नांगर नाकारला, हे व्हेरियर एल्विन यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे. माडियांनी असा सरसकट निषेध केला नाही. त्यांच्या रीतीत घाव आहे. त्याआधी परवानगी आहे आणि त्यानंतर विश्रांती आहे. भूमिसूक्तातल्या मागणीला इथे आचरणाचे रूप मिळालेले दिसते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. परवानगी आणि क्षमा मागून घाव घालता येत असेल, तर विधी म्हणजे घावाचा परवानाच ठरतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतात, दुसऱ्या दिवशी त्याची पूजा करतात. तिसऱ्या दिवशी तोच बैल पुन्हा जुंपला जातो. दसऱ्याला ट्रॅक्टरला आणि दुचाकीला झेंडूची माळ घालतात. त्याने चाकाचे दात बोथट होत नाहीत. महाभारतात मांस विकणारा धर्मव्याध सांगतो की नांगरणाऱ्याच्या आणि चालणाऱ्याच्याही पायाखाली असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसा कोणालाच साधत नाही. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणी शांतिपर्वातले अर्जुनाचे असेच बोलणे पुढे ठेवले: डोळ्याची पापणी लवताना मरणारे सूक्ष्म जीवही आहेत. गीतेचा अठरावा अध्याय तर प्रत्येक कर्माला काही दोष चिकटलेलाच असतो आणि तेवढ्यासाठी कर्तव्य सोडू नये असे सांगतो. हा युक्तिवाद खरा आहे, पण धोक्याचाही आहे. सगळ्याच कर्मांत दोष असेल तर कमी-जास्त दोषाचा विचार करायचे कारण उरत नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून काढता येतो. धर्मव्याधाने किंवा टिळकांनी तो काढलेला नाही. त्यांनी कर्तव्याच्या वाटेत येणारा अटळ दोष स्वीकारला. टाळता येणारा दोष माफ केला नाही.

क्षमेचा विधी पोकळ आहे की नाही, हे त्यामुळे विधीत तपासून कळणार नाही. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय घडते ते पाहावे लागते: घाव कमी करण्याचा प्रयत्न झाला का, आणि झालेला घाव भरला का. बैलाच्या खांद्याला लोणी लावणारा शेतकरी वर्षभर जू हलके ठेवत असेल तर पोळा सार्थ आहे.

भरून काढण्याचा मुद्दा येताच प्रश्न भूमीपुरता राहत नाही, शेजाऱ्यापर्यंत जातो. चिखलात एकाने चाकोरी खोल केली की पुढचा त्याच चाकोरीत फसतो. केजव्हील लावून ट्रॅक्टर पांदणीतून किंवा डांबरी रस्त्यावरून नेला तर मालकाचा वेळ वाचतो आणि रस्ता सगळ्यांचा उखडतो. खिळ्यांचे टायर वापरणाऱ्या थंड देशांत याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. जपानच्या थंड भागांत हजारो गाड्यांच्या खिळ्यांनी डांबर खरवडले, त्याची धूळ हवेत गेली आणि सेंदाई, साप्पोरोसारख्या शहरांत ती आरोग्याचा प्रश्न झाली. 1990 मध्ये त्या देशाने अशा टायरांच्या धुळीविरुद्ध कायदा केला. नॉर्वेतल्या ओस्लोत खिळ्यांचे टायर वापरायचे तर शुल्क भरावे लागते. स्वतःची पकड घट्ट करताना दुसऱ्याच्या पायाखालचे आणि छातीतलेही काही खर्ची पडते, हे त्या शहरांना मोजून कळले. प्रायश्चित्ताच्या कल्पनेला इथे नागरी रूप आले आहे, आणि ते कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. ज्याची हानी झाली त्याला भरपाई पोचते, ही गोष्ट एकट्याने देवापुढे हात जोडण्यात नसते.

या दोन जिल्ह्यांत अशा सामूहिक मर्यादेची उदाहरणे रस्त्याच्या बाबतीत कमी, पण जंगलाच्या बाबतीत ठळक आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला असा हक्क 2012 मध्ये मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे सोडून दिले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना उरत नाहीत. तेंदू म्हणजे या भागातला हमखास रोख पैसा. तो सोडणे हे व्रतच होते, फक्त ते एका माणसाने न घेता गावाने घेतले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी, ज्यांची साधना चिमूर परिसरातल्या जंगलात झाली, 1955 च्या ग्रामगीतेत श्रमदानाला आणि गावाच्या कामाला भक्तीचे स्थान दिले. त्या दृष्टीने पाहिले तर पावसाळा संपल्यावर मुरूम टाकून पांदण बुजवणे ही भूमीची क्षमा मागण्याची सर्वांत पूर्ण रीत ठरते: ती भूमीलाही पोचते आणि त्या वाटेने जाणाऱ्यालाही. चिखलात फसलेल्या माणसाला पक्की वाट देणे हा त्याच्या चाकाला दात देण्यापेक्षा श्रेष्ठ उपाय आहे, कारण वाट झाली की दातांची गरजच कमी होते. अर्थात पक्की वाटही डोंगर फोडून काढलेल्या गिट्टीची असते, आणि हिशेब पुन्हा एक पायरी मागे जातो.

तो हिशेब लोखंडापर्यंतही न्यावा लागतो. चाकाचे दात ज्या धातूचे, तो कुठून तरी भूमी फोडूनच आलेला असतो. एटापल्ली तालुक्यातला सुरजागड हा लोहखनिजाचा डोंगर आहे आणि ठाकूरदेवाचे ठाणही आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरावर खाण चालू आहे. परिसरातल्या ग्रामसभांनी देवस्थानाचा आणि वनहक्काचा आधार घेऊन खाणीला विरोध केला आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये असे धार्मिक हक्क तपासून निर्णय घेण्याचे काम ग्रामसभांकडे सोपवले होते, त्यामुळे डोंगराचे देवपण हा कायद्यापुढेही विचारात घेण्याचा विषय आहे. दुकानातून मूठभर स्क्रू घेणाऱ्याचा या डोंगरांशी संबंध येतो का? जैन शास्त्र हिंसा तीन प्रकारची धरते: स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करवलेली ती कारित आणि जिला मान्यता दिली ती अनुमोदित. विकत घेणारा निदान तिसऱ्यात येतो, आणि मागणी वाढवतो त्या प्रमाणात दुसऱ्यातही. जुन्या पत्र्यातून, भंगारातून, झिजलेल्या धावेच्या तुकड्यांतून दात बनवणाऱ्या कारागिराचा भार तेवढ्या अंशाने हलका असतो, कारण त्याच्यासाठी नवा घाव घातला गेलेला नाही. त्याच्या चाकाने जमिनीला होणाऱ्या घावाचा हिशेब मात्र त्याच्या नावावर वेगळा राहतो.